बिनखर्चाच्या खेळाचा खर्च

मुरुमपासून परांड्यापर्यंत धाराशिव जिल्ह्यात कुठल्याही शाळेच्या मैदानावर दोन खांब आणि फक्कीच्या रेघा दिसल्या, की खो-खोचं मैदान हे वेगळं सांगावं लागत नाही. ना बॅट, ना बूट. म्हणून हा गरिबाचा खेळ, असं आपण सहज म्हणून जातो. याच जिल्ह्यातली खो-खोपटू सारिका काळे हिची कारकीर्द पाहिली की हे म्हणणं अर्धंच खरं ठरतं.

खेळ दिसतो तितका सोपा नाही. आठ जणी पाटीवर एकाआड एक उलट्या तोंडांनी बसतात, नववी पाठलाग करते. एकदा दिशा धरली की तिला माघारी वळता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणारीला मात्र दोन्ही मोकळं. ती हुलकावणी देऊन पाटीपलीकडे गेली, की हातात उरतो तो वेळेवर दिलेला खो. खांबाजवळ तर डाव क्षणात फिरतो: एका हाताने खांब धरायचा, अंग झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हाताने गडी टिपायचा.

सारिका यात तयार झाली ती प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली. घरी मात्र वडिलांना शारीरिक अडचणींमुळे कमावता येत नव्हतं आणि आईच्या शिवणकामावर चूल पेटायची. कित्येक वर्षं घरात एक वेळचंच जेवण होतं, हे तिने स्वतःच सांगितलं आहे. शिबिरात किंवा स्पर्धेला गेलं तरच खाण्यापिण्याची नीट सोय व्हायची.

२०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं. त्याच वर्षी पैशाच्या ओढाताणीने खचून तिने खेळ सोडायचंही ठरवलं होतं. जाधव सरांनी समजूत घातली, ती मैदानावर परतली. पुढे क्रीडा अधिकारी म्हणून नोकरी लागली, तेव्हा कुठे घडी बसली. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो तब्बल २२ वर्षांनी आला होता.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवचीच अश्विनी शिंदे होती. म्हणजे या मातीत पोरी घडतात, यात शंका नाही. खेळाला खर्च नसेल, पण खेळणारीला दोन वेळचं जेवण लागतं आणि पुढे पगारही. ती जबाबदारी एकट्या आईच्या शिलाई मशीनवर टाकून चालणार नाही.