पावसाळ्यातली पागा

रात्री तेवत ठेवलेल्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, ती गवतात पडेल आणि सगळी पागा जळून जाईल. ही काळजी शिवाजी महाराजांची आहे. चिपळूणजवळ पावसाळी छावणीला राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी ती लिहिली आहे. कोणी आगट्या पेटवील, कोणी भलत्याच जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, असे एकेक धोके ते मोजून दाखवतात. एका खणाला आग लागली की सगळे खण जातील, आणि मग कुणब्यांच्या माना मारल्या तरी नवा खण उभारायला एक लाकूडही मिळणार नाही! हे पत्र पहिल्यांदा वाचताना छाती दडपते. एवढ्या मोठ्या राज्याचा जीव गवताच्या गंजीत अडकला होता, आणि राजाला ते पुरतं ठाऊक होतं.

इंग्लंडमध्ये उमरावांच्या वाड्यांशेजारी तबेल्यांच्या दगडी इमारती आजही उभ्या आहेत. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ इथला ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा तबेला १७६० च्या सुमारास जेम्स पेन या वास्तुरचनाकाराने बांधला. मधे चौक, भव्य कमान आणि ८० घोड्यांची सोय. सुंदरच आहे तो. पण मराठ्यांची छावणीतली पागा लाकडाच्या खणांची, गवताने शाकारलेली. म्हणून तिचे दगड शोधत जाऊ नये. ती कागदांत सापडते, आणि घोड्याच्या शरीरातही.

घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान असतं. तो थोडं थोडं, जवळजवळ दिवसभर खातो. त्याला ओकता येत नाही, त्यामुळे बुरसटलेलं गवत पोटात गेलं तर पोटशुळाने जीवावर बेततं. पायांतल्या स्नायुबंधांची रचना अशी विलक्षण की तो उभ्या उभ्या डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. त्यासाठी जमीन कोरडी हवी. सतत ओलीत उभा राहिला तर खूर कुजतात. आता हे सगळं चिपळूणच्या पावसात सांभाळायचं, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी कोसळतं!

अडीचशे-तीनशे किलोचं दख्खनी घोडं धरलं आणि रोज वजनाच्या दोन टक्के सुका चारा धरला, तर एका घोड्याला पाच-सहा किलो लागतो. पंचवीस घोड्यांचे चार महिने म्हणजे पंधरा ते अठरा टन. हा साठा पावसाआधी कापून, वाळवून, रचून ठेवायचा. पत्रात महाराज बजावतात ते यासाठीच: आताच उधळलंत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, ती तुम्हीच मारलीत असं होईल, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पागेचा हिशेब चुकला तर स्वराज्याचा अर्थच हरवेल, हे इतक्या थेट शब्दांत सांगणारा राजा मला दुसरा माहीत नाही.

पंचवीस हा आकडा मी मुद्दाम घेतला. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर, एक हवालदार सांगितला आहे, आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाण्यासाठी एक पखालजी, नालांसाठी एक नालबंद. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. नालबंदाचं काम पाहा: पंचवीस घोड्यांचे शंभर खूर. खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून दीड-दोन महिन्यांनी नाल काढून तो तासावा लागतो. रोज दोन-तीन खूर झाले की फेरा बरोबर पुरा होतो. एका माणसाला झेपेल एवढंच काम, आणि वाटेत निखळलेल्या नालांसाठी हात मोकळा. कोणी तरी पागेत उभं राहून हे प्रमाण ठरवलं असणार.

सभासद वर्षाचं चक्रही देतो. पावसाळ्यात छावणी, तिथे दाणा, औषधं, माणसांना घरं, घोड्यांना शाकारलेली पागा तयार. दसऱ्याला कूच. मग आठ महिने मुलूखगिरी.

आता या मुलूखगिरीचं एक उदाहरण म्हणून सुरतेच्या लुटीकडे वळू. लिंबायत, पर्वत पाटिया हा शहराचा पूर्वेकडचा भाग. जुन्या सुरतेचा बुऱ्हाणपूर दरवाजाही याच बाजूचा. ६ जानेवारी १६६४ रोजी महाराजांचा तळ त्याच्या बाहेर एका बागेत पडला. बरोबर सुमारे चार हजार स्वार होते असं मानतात. त्यांत स्वतःचं घोडं आणणारे शिलेदारही असणार, पण पागेचाच हिशेब सगळ्यांना लावला तर चार हजार घोड्यांचे सोळा हजार खूर आणि एकशे साठ नालबंद होतात. घोड्यामागे पंचवीस लिटर धरलं तर रोजचं पाणी एक लाख लिटर. लुटीच्या हकिकतींत सोनं, मोती, जळती घरं येतात. १६६३ च्या पावसाळ्यात कोणी गंजी झाकल्या, कोणी खण कोरडे ठेवले, कोणी दिवे विझवले, ते येत नाही; आणि ती घोडी सह्याद्री ओलांडून इथवर पोचली ती त्यांच्यामुळे.