स्वप्न बदलण्याचा अधिकार

‘मोठेपणी कोण होणार?’ असे पाहुण्याने विचारायचे आणि मुलाने ऐटीत उत्तर द्यायचे, ही मराठी घरांतली रीत जुनी आहे. एस. टी.चा कंडक्टर, आगगाडीचा इंजिनचालक, फौजदार, डॉक्टर अशी उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या मिळत आली. त्यांतली बहुतेक खरी ठरली नाहीत आणि त्याचे दुःखही कोणी फारसे केले नाही. कंडक्टर होऊ पाहणारा मुलगा बँकेत रोखपाल होतो, वैमानिक होऊ पाहणारी मुलगी रसायनशास्त्र शिकवू लागते आणि दोघांचेही बरे चालते. बालपणीचे स्वप्न म्हणजे काही करारनामा नव्हे. इयत्ता वाढते, जग दिसू लागते, स्वतःची कुवत आणि आवड उमगते व पहिले स्वप्न मागे पडून दुसरे पुढे येते. शिक्षणाचे एक प्रमुख कार्य हेच आहे. तेव्हा लहानपणीचे स्वप्न अपुरे राहणे ही आपत्ती मानण्याचे कारण नाही. खरी आपत्ती ओढवते ती स्वप्न बदलण्याइतकाही अवधी ज्यांना मिळत नाही त्या मुलांवर. आणि अशा मुलांचा विचार करू लागताच बीड जिल्ह्याचे नाव अग्रभागी येते.

मूल जे पाहते त्याचेच स्वप्न रंगविते, हा नियम सर्वत्र सारखा आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ४१ देशांतील पंधरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांच्या अपेक्षा तपासल्या होत्या. त्यांतील ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली अवघ्या दहा लोकप्रिय व्यवसायांवरच नजर ठेवून होत्या. ज्या समाजांत हजारो प्रकारची कामे चालतात तेथील मुलांची दृष्टी जर दहा कामांपलीकडे जात नसेल, तर बालाघाटाच्या माथ्यावरील वाडीतल्या मुलाला किती कामे दिसत असतील? परळीला रेल्वे जुनी आहे. परंतु अहिल्यानगर–बीड–परळी हा लोहमार्ग १९९५ मध्ये मंजूर होऊनही खुद्द बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. जगभरच्या मुलांनी ज्या इंजिनचालकाचे स्वप्न पाहिले, त्याचे इंजिनही आपल्या गावी न पाहता या शहरातील एक अख्खी पिढी मोठी झाली. तिला जवळून दिसले ते शाळेतले गुरुजी, दवाखान्यातल्या परिचारिका, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर, पोलीस, आणि सुटीवर आलेला जवान. तिची स्वप्नेही यांच्याभोवतीच घुटमळली. मात्र ही साधी, हाताशी असणारी स्वप्नेही जिल्ह्यातील असंख्य मुलांच्या बाबतीत चौदा-पंधराव्या वर्षीच विरून जातात. का विरतात, हे पाहण्यासाठी दोन पंचांग समोर मांडावी लागतात.

शाळेचे वर्ष आणि कारखान्याचे वर्ष

शाळेचे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते आणि त्याचे पहिले सत्र दिवाळीस संपते. साखर कारखान्याचा गळीत हंगाम त्याच सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दसरा-दिवाळीच्या आगेमागे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील गावेच्या गावे रिकामी होतात. बैलगाड्या, टायरगाड्या आणि ट्रॅक्टर यांवर संसार लादून टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांकडे आणि सीमेपलीकडे बेळगावच्या बाजूला निघतात. पावसाचा भरवसा नसलेल्या हलक्या जमिनीवर कुटुंबाचे वर्ष निघत नाही. म्हणून पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती औषधाला, बियाण्याला, लग्नाला खर्चही झालेली असते. पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची; आणि हंगामअखेर फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. कुटुंबाची मजुरी अशी आगाऊ गहाण पडते तेव्हा त्या कुटुंबातील मुलाचे दुसरे सत्रही तिच्याबरोबर गहाण पडलेले असते.

फडाशेजारच्या कोपीत मुलाला रिकामे बसणे नसतेच. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात गेले की धाकटे भावंड सांभाळायचे, पाणी आणायचे, बैलांकडे पाहायचे, वाढे गोळा करायचे आणि अंगात थोडी ताकद आली की मोळ्या बांधू लागायचे. पट्टा पडून टोळी गावी परतते तेव्हा शाळेत वार्षिक परीक्षेची गडबड असते. वरच्या वर्गात तो जातोही. परंतु प्रत्येक वर्षाचे अर्धेच ज्ञान घेऊन. पाचवीतला अपूर्णांक निम्मा, सहावीतले इंग्रजी निम्मे, सातवीतली समीकरणे निम्मी, असे करीत आठवी-नववीला आल्यावर फळ्यावरचे काहीच उलगडेनासे होते. त्या दिवशी त्याला शाळेतून कोणी काढीत नाही. तो स्वतःच जायचे थांबतो, आणि ‘त्याला शिक्षणाची गोडी नव्हती’ असा शेरा गाव मारून मोकळे होते. ज्याच्या स्वप्नाला दर वर्षी निम्मी गळती लागली होती, त्याला गोडीचा हिशेब विचारणे हे अन्यायाचे आहे.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब अधिकच कठोर होतो. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे केवळ अवजार नव्हे. नवरा आणि बायको मिळून जी जोडी होते तिलाही कोयता म्हणतात, आणि उचल दिली जाते ती या जोडीला. तरुण मुलगा एकटा असेल तर तो अर्धा कोयता. त्याचे लग्न झाले की घरात एक पूर्ण कोयता वाढतो. दुसरीकडे, वयात आलेल्या मुलीला सहा महिने गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचे, ही चिंता तिच्या आईबापांना असते. दोन्ही घरांची गरज एका मांडवात भेटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, बीड जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले आढळले; राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा २००६ पासून पुस्तकात आहे. परंतु परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलीचा खरा प्रतिस्पर्धी उचलीचा तो व्यवहार आहे, हे ध्यानी घेतल्यावाचून नुसत्या कायद्याने ती वाचणार नाही.

मांडव्याचा अविनाश

अशा वेळी अविनाश साबळे याचे उदाहरण हटकून पुढे केले जाते. आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी १९९४ साली जन्मलेल्या या मुलाचे आईवडील वीटभट्टीवर राबत. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये, दाखल झाला. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचा उन्हाळा त्याने शिपाई म्हणून अनुभवला. स्पर्धेसाठी धावणे त्याने सुरू केले ते २०१५ मध्ये, आणि तीन हजार मीटर स्टीपलचेस या शर्यतीकडे तो वळला २०१७ मध्ये. पुढच्याच वर्षी त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय उच्चांक मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्णपदक सेकंदाच्या अवघ्या पाच शतांश भागाने हुकले आणि रौप्य मिळाले. हांगचौ येथे २०२३ मध्ये भरलेल्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष ठरला.

या कर्तृत्वापुढे मान लवते. परंतु ‘जिद्द असली की परिस्थिती आडवी येत नाही’ एवढाच बोध त्यातून काढणे हे अविनाशवरही अन्याय करणारे आहे. मांडव्याच्या माळावर ना अडथळ्यांच्या लाकडी चौकटी होत्या, ना पाण्याचा खड्डा. त्याच्या आयुष्याचे खरे काम त्याला विशीनंतर सापडले. ते सापडेपर्यंत टिकून राहण्याची सोय त्याला लाभली, ही या कथेतील मोलाची गोष्ट आहे. बारावी पुरी झाली म्हणून भरतीची वाट खुली झाली. सैन्यात पोटभर अन्न, नियमित वेतन आणि जाणता प्रशिक्षक मिळाला. आणि एक प्रकार सोडून दुसरा धरून पाहण्याची मोकळीक मिळाली. बारावीआधीच हाती कोयता आला असता तर एवढी दमदार छाती उसाच्या मोळ्या वाहण्यातच खर्ची पडली असती. आज फडांत अशा किती छात्या खर्ची पडत आहेत, याची मोजदाद कोणी करीत नाही.

जिल्ह्यातील रस्त्यांवर भल्या पहाटे तरुणांचे घोळके धावताना दिसतात. पोलीस भरतीतील १,६०० मीटरची दौड हे त्यांचे तूर्तचे ध्येय. त्यांच्या थोरल्या भावांनी डी.एड. करून गुरुजी होण्याचे स्वप्न पाहिले होते. २०१२ पासून शिक्षकभरती काही वर्षे जवळजवळ थांबली आणि पदविका पेटीत पडून राहिली. सैन्याची वाटही २०२२ पासून पालटली आहे. अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी असून पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त चौथाई. जेथे एकाच दाराशी सारी पिढी उभी राहते तेथे बहुसंख्यांच्या वाट्याला परतीचा रस्ता येतो, आणि बीडमध्ये तो बहुधा फडाकडे जातो. भरीस भर म्हणजे तोडणीयंत्रे आता उसाच्या फडांत उतरली आहेत. उद्या कोयता सुटेल. पण त्या हातांना दुसरे काम शिकविलेले नसेल, तर ती सुटका ठरणार नाही.

मोजके, पण वेळेवर

उपाय कोणाला ठाऊक नाहीत असे नाही. कारखान्यांच्या आवारातील साखरशाळा, मुलांना गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे, २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणि लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ, एवढी चौकट उभी आहे. तिच्यातील पोकळी मात्र भरलेली नाही. भगवानबाबा योजनेत ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे योजिली आहेत. प्रत्येकात शंभर जण धरले तर साऱ्या राज्यात ८,२०० जागा होतात. लाखो माणसे स्थलांतर करतात तेथे हे प्रमाण तोकडे आहे. हंगामी वसतिगृह टोळी निघण्यापूर्वी उघडले तरच त्याचा उपयोग. गाडीत बसलेले मूल पंधरा दिवसांनी परत आणता येत नाही. शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षे वयापुरता आहे, आणि कोयता हाती येतो तो नेमका चौदाव्या वर्षानंतर. म्हणून निवासाची हमी आठवीवर न थांबता बारावीपर्यंत गेली पाहिजे आणि मुलींसाठी ती आधी गेली पाहिजे. महामंडळाच्या निधीसाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घ्यावयाचे ठरले आहे. त्या निधीवर पहिला हक्क या दुसऱ्या सत्राचा असला पाहिजे.

यातून प्रत्येक मूल डॉक्टर किंवा विजेता धावपटू होईल, असे कोणी मानीत नाही. काही शेती करतील, काही दुकान चालवतील, काही कारकून होतील. कदाचित काही जण सारे पाहून-समजून ऊसतोडीचीच मुकादमी पत्करतील. लहानपणी पाहिलेल्या स्वप्नापासून तीही दूरच गेलेली असतील. परंतु ते अंतर त्यांनी स्वतःच्या पायांनी चालून पार केलेले असेल. दिवाळीनंतर शाळेच्या हजेरीपटावर सलग गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात, तेथे हे चालणे थांबते. तो पट भरलेला ठेवणे शासनाच्या, कारखानदारीच्या आणि समाजाच्या आवाक्यातील काम आहे, आणि त्याची मुदत दर वर्षी दसऱ्याच्या आसपास संपते.