निळू फुले : सरकारी बागेतला माळी आणि कलापथकाचा लेखक

पिंपळे गुरवच्या नाट्यगृहावर ‘नटसम्राट निळू फुले’ हे नाव आहे. परिसरातल्या तरुणांना विचारले तर बहुतेक जण सांगतात, ‘पिक्चरमधला सरपंच, पाटील’. तेवढेच सांगून थांबतात, म्हणून हा लेख.

सिनेमा फार नंतरचा. निळूभाऊ पुण्याच्या कष्टकरी घरातले. भावंडे बरीच, वडील लोखंडाचे भंगार आणि भाजी विकून घर चालवायचे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढे ते वानवडीच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ‘एएफएमसी’त, माळी म्हणून लागले. पगार महिना 80 रुपये. त्यातले 10 रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. घरात इतकी खाती तोंडे असताना पगाराचा आठवा हिस्सा चळवळीला! आपल्याकडे विसावा हिस्सा देण्याच्या बाबासाहेबांच्या आवाहनाची आठवण दरवर्षी करून द्यावी लागते, म्हणून हा आकडा आम्हाला मोठा वाटतो.

नोकरीने त्यांना झाडांची विद्या दिली. स्वतःची नर्सरी काढायचे त्यांच्या मनात होते, पण भांडवल नव्हते. याच माळ्याने रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याच्या ओढीने ‘उद्यान’ नावाचे नाटक लिहिले. पुढे 1957 च्या निवडणुकीच्या धामधुमीत ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. तो काळ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा होता आणि समितीत आपला शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनही होता. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले ते याच निवडणुकीत. पत्रके वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत राजकारण वगातून, पोवाड्यातून पोहोचत होते. भीमराव कर्डकांच्या जलशांनी हे काम त्याआधी पाव शतक सुरू केले होते, हेही इथे नोंदवले पाहिजे. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्याला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

पुण्याच्या कलापथकाची जबाबदारीही निळूभाऊंकडे आली. कलापथकात लिहिणारा, बसवणारा आणि उभा राहणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने त्यांचे नाव झाले, 1968 च्या ‘एक गाव बारा भानगडी’ने ते सिनेमात आले आणि 1972 मध्ये ‘सखाराम बाइंडर’ त्यांनी उभा केला. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या भागातल्या मुलांचा प्रश्न मात्र माळ्याच्या नोकरीपाशी आहे. कुणी एमआयडीसीत कंत्राटी आहे, कुणी स्पर्धा परीक्षा देतो आहे. जयंतीला पथनाट्य लिहिणारा मुलगा सरकारी नोकरीत लागला की घरचे म्हणतात, ‘आता हे बंद कर.’ नियम असे सांगत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे साहित्य-कलेचे प्रासंगिक काम कर्मचाऱ्याला करता येते. मात्र त्याने कामात अडथळा येता कामा नये. मनाई आहे ती राजकीय पक्षाच्या कामाला, निवडणूक प्रचाराला आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीकेला. ही तिसरी गोष्ट अवघड आहे. आपले नाटक पाण्यावर, शिष्यवृत्तीवर, अत्याचारावर बोलणार, आणि त्यात धोरण येणारच. म्हणून कित्येक जण लिहितात, पण फलकावर नाव दुसऱ्याचे लावतात.

अण्णासाहेब किर्लोस्करही पुण्यात महसूल आयुक्तांच्या कचेरीत नोकरीला होते, आणि 1880 मध्ये ‘शाकुंतल’ त्यांनी नोकरी सांभाळूनच उभे केले. पण त्यांच्या विषयाला सरकारची हरकत असण्याचे कारण नव्हते. कुटुंबात पहिल्यांदाच पगार आणणाऱ्या पोराची गोष्ट वेगळी.

निळूभाऊ पुढे नोकरीतून सुटले, चळवळीतून नाही. डॉ. श्रीराम लागूंसोबत ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा केला, त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना मानधन मिळते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावरही ते अखेरपर्यंत होते. 13 जुलै 2009 ला ते गेले.