इनामगावचे लोक कुठे गेले?

हडसन उपसागरातल्या साउथॅम्प्टन बेटावरची साडलर्म्यूट ही इन्युइट जमात १९०२-०३ च्या हिवाळ्यात साथीने संपली. एक बाई आणि काही मुले तेवढी वाचली. पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी इनामगावची वस्तीही इ. स. पू. ७०० च्या सुमारास ओस पडली. दोघांनाही एकाच अर्थाने ‘लुप्त’ म्हणणे मात्र मला पटत नाही. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात इनामगावचा ऱ्हास सावकाश, पिढ्यान् पिढ्या झालेला दिसतो. आधी ऐसपैस चौकोनी घरे, प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर, पाण्याचा पाट, इ. स. पू. १००० नंतर लहान गोल झोपड्या, शेती खालावलेली आणि शिकारीवर भर वाढलेला. साथ एका हिवाळ्यात माणसे नेते, ती घराचा आकार असा हळूहळू बदलत नाही.

गोल झोपड्या म्हणजे बाहेरून आलेले नवे लोक, असे कोणी म्हणेल. मग दफनाची रीत तीच कशी राहिली? तान्ही मुले तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत, घराच्या जमिनीखालीच. मोठी माणसे पावले तोडून पुरलेली. इतकी खास रीत परके उचलतील, हे मला संभवनीय वाटत नाही. पाऊस घटला म्हणून हा ऱ्हास झाला का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या मते कारण कोणतेही असो, हे लोक मेले नाहीत. गुरे-शेळ्या घेऊन ते पांगले.