पास वसूल होतो का?

किमतीमागचं गणित : भाग ११

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या डिस्नेलँडने ऑगस्ट २०२१मध्ये नवे वार्षिक पास काढले. चार प्रकारचे होते. सगळ्यात महाग १,३९९ डॉलरचा, सगळ्यात स्वस्त ३९९ डॉलरचा. ऑक्टोबर २०२४च्या दरवाढीनंतर ही दोन टोकं १,७४९ आणि ५९९ डॉलरवर पोचली. तीन वर्षांत वरचा पास पंचवीस टक्क्यांनी वाढला, खालचा पन्नास टक्क्यांनी. वरच्या पासाचा भाव त्यानंतरही चढलाच आहे, पण हिशेबाच्या सोयीसाठी आपण २०२४चेच आकडे धरू.

बातम्यांमध्ये गाजतो तो वरचा आकडा. मला खालचा जास्त बोलका वाटतो. हा ‘इमॅजिन’ पास फक्त दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना मिळतो, रहिवासाचा पुरावा दाखवून. म्हणजे तो घेणारा पाहुणा नसतो, शेजारी असतो. शेजाऱ्यासाठीच भाव सगळ्यात वेगाने का वाढावा, या प्रश्नात आजच्या भागाचं बरंचसं उत्तर आहे.

अनाहाइम मराठी माणसाला परकं नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१५चं अधिवेशन तिथेच, डिस्नेलँडच्या अगदी शेजारच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झालं होतं. जवळच्या आर्व्हाइन, टस्टिन भागातल्या मराठी घरांत मूल तीन वर्षांचं होत आलं की पासाचा विषय निघतोच. तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट असतो. तिसरा वाढदिवस झाला की तिकीट किंवा पास घ्यावाच लागतो. पासात लहान मुलांसाठी वेगळा दर नाही. चौघांच्या कुटुंबाला सगळ्यात स्वस्त पास २,३९६ डॉलरला पडतो आणि सगळ्यात महाग ६,९९६ डॉलरला. त्यात पुण्याहून आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आलेले असले, तर त्यांच्याकडे कॅलिफोर्नियाचा रहिवासाचा दाखला नसतो. नातवंडं पासावर आत जातात आणि आजोबा दिवसाच्या तिकिटावर. घरातलं सगळ्यात महाग तिकीट बहुधा त्यांचंच असतं, आणि दुपारभर बाकावर बसून पिशव्या सांभाळणारेही तेच असतात.

आता नेहमीचा हिशेब. पासाच्या किमतीला दिवसाच्या तिकिटाने भागायचं. २०२४च्या दरांनी एका पार्कचं एका दिवसाचं तिकीट १०४ ते २०६ डॉलर होतं. कोणत्या तारखेला जाता त्यावर ते ठरतं. १,७४९ला २०६ने भागलं तर नवव्या फेरीला पास वसूल. १०४ने भागलं तर सतराव्या फेरीला. एकाच पासाची दोन उत्तरं, आणि पहिलं उत्तर सगळ्यांना आवडतं.

पण भाजक ठरवतो कोण? तोच विक्रेता. वरच्या टोकाचं तिकीट वाढवलं की त्याच क्षणी पास स्वस्त ‘दिसायला’ लागतो, पासात काहीही न बदलता. १०४ डॉलरचं सगळ्यात स्वस्त तिकीट २०१९पासून हललेलं नाही. दरवाढ सगळी वरच्या तारखांवर झालेली आहे. आणि स्वस्त पास त्या वरच्या तारखांना चालतच नाही. बहुतेक शनिवार-रविवार, सणासुदीचे दिवस, उन्हाळ्याच्या सुट्टीचा मोठा भाग, हे सगळे इमॅजिनवाल्यांसाठी ब्लॉकआउट, म्हणजे बंद. तेव्हा ५९९ला २०६ने भागून ‘तीनच फेऱ्यांत वसूल’ म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. ज्या दिवशी तुम्हाला आत सोडतच नाहीत, त्या दिवसाच्या तिकिटाने भागाकार करता येत नाही. इमॅजिनवाल्यांच्या वाट्याला आलेल्या मंगळवार-बुधवारच्या स्वस्त तिकिटाने भागलं, तर आकडा सहाच्या जवळ जातो.

इथेही थांबू नये. २०२५च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सोमवार ते गुरुवारसाठी तीन दिवसांचं तिकीट १९९ डॉलरला मिळत होतं. दिवसाला साधारण ६६. म्हणजे खरा भाजक हा. ५९९ला ६६ने भागा, नऊ फेऱ्या येतात. एकच पास तीन फेऱ्यांत, सहा फेऱ्यांत किंवा नऊ फेऱ्यांत ‘वसूल’ होतो, शेजारी कोणतं तिकीट ठेवून पाहता त्यावर. पास नसता तर आपण प्रत्यक्षात काय खर्च केला असता, एवढा एकच भाजक प्रामाणिक आहे. आणि बहुतेक घरांत त्याचं उत्तर ‘वर्षातून एकदा, फार तर दोनदा गेलो असतो’ असं असतं.

पासाच्या बाजूनेही बोलायला हवं. त्यात शेजारचं दुसरं पार्कही येतं, जे दिवसाच्या साध्या तिकिटात येत नाही. वरच्या पासात पार्किंग धरलेलं असतं. २०२४मध्ये त्याचे एरवी दिवसाला ३५ डॉलर पडत. खाण्यावर आणि खरेदीवर दहा ते वीस टक्के सूट मिळते. पार्किंगची बचत खरी आहे, कारण गाडी कुठेतरी लावावीच लागते. सवलतीचं तसं नाही. पास नसता तर घेतलाच नसता असा तिसरा टी-शर्ट वीस टक्के सवलतीत घेतला, तर वाचले किती आणि गेले किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

हे सगळं असं का रचलंय ते समजायला थोडं मागे जावं लागेल. जुलै १९५५मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा मोठ्यांना प्रवेशाचा एक डॉलर पडत असे आणि आतल्या प्रत्येक राइडचे पैसे वेगळे. लवकरच कुपनांची पुस्तकं आली : ए, बी, सी अशी प्रतवारी, आणि १९५९पासून सगळ्यात थरारक राइडसाठी ‘ई’ तिकीट. १९७१मध्ये वॉल्टर ओई या अर्थतज्ज्ञाने ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये थेट डिस्नेलँडलाच कोडं मानून निबंध लिहिला. ओई मूळचे लॉस एंजेलिसचेच, तरुणपणी दृष्टी गेलेले. त्यांचा प्रश्न असा : मालकाने दारावर भरपूर पैसे घ्यावेत आणि राइड फुकट द्याव्यात, की दार मोकळं ठेवून प्रत्येक राइडला चढा भाव लावावा? त्यांचं उत्तर, अगदी थोडक्यात, असं की सगळी गिऱ्हाइकं सारखीच असतील तर राइडला फक्त ती चालवण्याचा जादा खर्च लावावा आणि उरलेली सगळी कमाई दारावर करावी. १९८२मध्ये कुपनं गेली आणि एकच प्रवेशमूल्य आलं. ओईंचं वाचून बदल केला असं मी म्हणत नाही, पण दिशा तीच होती.

वार्षिक पास म्हणजे हीच युक्ती वर्षभर ताणलेली. दारावरचे पैसे वर्षातून एकदाच, त्यानंतरची प्रत्येक फेरी शून्य डॉलर. आणि शून्य हा आकडा माणसाला वेगळाच वागवतो. फुकट ते पौष्टिक. तिकीट काढून आलेलं टेक्सासचं कुटुंब सकाळी आठला दारात उभं असतं, दोन वेळा आत जेवतं, टोप्या-बाहुल्या घेतं, पार्कच्याच हॉटेलात उतरतं. पासवाला संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर येतो, दोन राइड करतो, आतषबाजी बघतो आणि जेवायला घरी जातो. रांगेत जागा मात्र दोघंही सारखीच अडवतात. ओईंच्या सूत्रातली एक अट इथे मोडते : पार्क भरलेलं असताना आणखी एका माणसाचा खर्च शून्य नसतो. तो खर्च त्याच्या मागे उभे असलेले सोसतात, मिनिटांच्या रूपात.

कंपनीलाही हे चांगलं ठाऊक आहे. २०२२च्या तिमाही निकालांमध्ये तिने डिस्नेलँडच्या कमाईवरचा ताण ‘येणाऱ्यांच्या प्रतिकूल मिश्रणा’मुळे असल्याचं नोंदवलं. ताळेबंदाची कोरडी भाषा, पण पासवाल्यांनी ती बरोबर ओळखली : प्रतिकूल म्हणजे आपणच! काहींनी तो शब्द टी-शर्टवर छापून त्याच पार्कमध्ये मिरवला. (वीस टक्के सवलत न घेता विकत घेतलेला बहुधा तो एकमेव टी-शर्ट.)

मग शेजाऱ्याला कसं आवरायचं? भाव वाढवून, आणि कॅलेंडरने. जानेवारी २०२१मध्ये, महामारीमुळे पार्क बंद असतानाच, डिस्नेलँडने आपली जुनी पासयोजना मोडीत काढली. नवी आली ती आरक्षणासकट. आता पास असला तरी तारीख आधी धरावी लागते. एका वेळी किती तारखा धरता येतील, तेही पासाच्या प्रतीवर : वरच्यांना सहा, इमॅजिनला दोन. धरलेली तारीख आदल्या रात्रीपर्यंत सोडली नाही आणि गेलात नाहीत, असं नव्वद दिवसांत तीनदा झालं, की तीस दिवस नवं आरक्षण बंद. पुण्याच्या खानावळीत महिन्याचे पैसे भरणारा विद्यार्थी विचारतो, खाडा धरता का? न जेवलेल्या जेवणाचे पैसे वळते होतात का, एवढाच त्याचा प्रश्न. इथे खाडा झाला तर पैसे वळते होणं दूरच, वर पुढच्या महिन्याची पंगतही जाते.

या कॅलेंडरावरून एक खटलाही झाला. २०२१चा १,३९९ डॉलरचा ‘ड्रीम’ पास ‘एकही ब्लॉकआउट नाही’ असं सांगून विकला गेला होता. प्रत्यक्षात साधी तिकिटं उपलब्ध असलेल्या दिवशीही पासवाल्यांचा कोटा संपलेला असे. दिवस बंद नव्हता, फक्त तुम्हाला जागा नव्हती. २०२३मध्ये कंपनीने दोष मान्य न करता ९५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. लाखभर पासधारकांत वाटणी झाल्यावर प्रत्येकाच्या हाती सत्तरच्या आतच डॉलर आले. नुकसानभरपाई म्हणून ही रक्कम किरकोळ आहे. पण पासात नेमकं काय विकलं जातं, हे या प्रकरणाने उघड केलं. जुना पास जवळजवळ दार मोकळं असल्याची हमी होता. नवा पास म्हणजे जागा उरलीच तर आत येण्याचा हक्क. ड्रीमच्या जागी पुढे आलेल्या ‘इन्स्पायर’ पासाची किंमत जास्त, आणि नाताळच्या आसपासचे दिवस त्यात बंद. भाव वाढला आणि माल घटला, असं दोन्ही एकदम झालं.

आणि आत गेल्यावर? रांग टाळणारा फास्टपास १९९९मध्ये आला तेव्हा फुकट होता. त्याच्या जागी आलेल्या ‘लाइटनिंग लेन’चे २०२४मध्ये दिवसाला किमान ३२ डॉलर पडत, आणि ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’सारख्या एकदोन राइड त्यातही येत नाहीत, त्यांचे पैसे वेगळे. ‘ई’ तिकीट परत आलंय, फक्त आता ते मोबाइलवर असतं. पासाच्या किमतीत ते धरलेलं नाही, हे भागाकार करताना बरेच जण विसरतात.

उरला आपल्या मनाचा भाग. अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७५२ सभासदांचा अभ्यास डेलाव्हिन्या आणि माल्मेंडियर यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केला. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारे सभासद सरासरी महिन्यातून ४.३ वेळा जात होते. म्हणजे दर खेपेला सतरा डॉलरहून जास्त, जेव्हा दहा खेपांचं कुपन घेतलं असतं तर दहा डॉलरच पडले असते. आपण पुढच्या वर्षीच्या स्वतःबद्दल फार उदार असतो. जिम कष्टाची आणि डिस्नेलँड मौजेचं, हा फरक आहेच. पण फ्रीवेवरची तासभराची कोंडी आणि रडवेलं झालेलं मूल यांचा विचार केला, तर तो वाटतो तितका मोठा नाही.

याच्या उलटही होतं. दिलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस जातो. आर्क्स आणि ब्लूमर यांनी १९८५मध्ये ओहायोतल्या एका नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांवर हे दाखवलं : पुरी किंमत मोजलेले प्रेक्षक सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. जॉन गुरव्हिल आणि दिलीप सोमण यांनी पुढे दाखवलं की ही टोचणी काळाबरोबर बोथट होते. पैसे भरल्यावर लगेच हजेरी वाढते, मग ओसरते. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना दिलेली बिनव्याजी मासिक हप्त्यांची सोय दिसते तेवढी साधी नाही. ५९९ डॉलर ही रक्कम माणसाला विचार करायला लावते, महिन्याच्या हप्त्याची छोटी रक्कम नाही. ती फोनच्या बिलाशेजारी निमूट जाऊन बसते आणि दर महिन्याला टोचत राहते : या महिन्यात गेलो नाही की!

मग घ्यावा का? ज्यांचं घर अर्ध्या तासावर आहे, मुलं अजून शाळेत जात नाहीत, आणि मंगळवारी सकाळी दोन तास जाऊन रडारड सुरू होण्याआधी परत येण्यात ज्यांना कमीपणा वाटत नाही, त्यांना स्वस्त पास आजही परवडतो. दिवसभर थांबून पैसे ‘काढायची’ धडपड करावी लागत नाही, ही त्यातली खरी चैन आहे. मूल पहिलीत गेलं की ते मंगळवार संपतात, आणि शनिवार-रविवार चालणारा पास त्याहून कितीतरी महाग पडतो. तिथे माझं मत तीन दिवसांच्या तिकिटाच्या बाजूने आहे. १,७४९ डॉलरच्या पासाचं समर्थन मला फक्त एकाच गिऱ्हाइकासाठी करता येतं, ज्याला डिस्नेलँडचाच छंद आहे. छंदाचा भागाकार कोणी करत नाही, करूही नये.

एक व्यावहारिक गोष्ट. पासांची विक्री मधूनमधून थांबवली जाते, आणि पुन्हा सुरू झाली की ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ म्हणून लोक तुटून पडतात. घाई करायचं कारण नाही. विक्री चालू असेल, तर चालू तिकिटाची किंमत वळती करून त्याचा पास करून घेता येतो. आधी तिकिटावर एक दिवस काढावा. संध्याकाळी पाय दुखत असतानाही परत यावंसं वाटलं, तर खिडकीवर जावं.

(पुढच्या आठवड्यात : मल्टिप्लेक्समधला पॉपकॉर्न तिकिटाहून महाग का?)