कुत्र्याच्या भाकरीला जोड काय?

ढोकीहून एका वाचकाने विचारलं आहे : दारात राखणीला बांधलेला गावठी कुत्रा आहे, घरात उंदरांसाठी पाळलेलं मांजर आहे. कुत्र्याला दोन वेळा ज्वारीची भाकरी, मांजराला दूध-भाकरी. शहरातून आलेला भाचा म्हणाला, धान्य कुत्र्याच्या पोटाला चालतच नाही, पिशवीतलं ‘ग्रेन-फ्री’ खाद्य आणा. ती पिशवी परवडणारी नाही. मग आमची जनावरं अर्धपोटी आहेत का?

प्रश्न एका घराचा असला तरी तो साऱ्या ज्वारीच्या मुलुखाचा आहे. तेरणा साखर कारखान्याच्या या पट्ट्यात ऊस आणि सोयाबीन कितीही वाढलं, तरी ताटात भाकरी आहे आणि कुत्र्याच्या भांड्यातही भाकरीच आहे. उत्तर मात्र कुत्र्यासाठी एक आणि मांजरासाठी दुसरं द्यावं लागतं.

आधी भाच्याचा मुद्दा. 2013 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या एरिक अ‍ॅक्सेलसन यांच्या गटाने कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणारं अमायलेज स्वादुपिंडात तयार करायला सांगणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या. कुत्र्यांत 4 ते 30. माणूस शेती करू लागला, त्याच्या उकिरड्यावरचं आणि ताटातलं उरलंसुरलं खात कुत्रा त्याच्यासोबत राहिला, आणि हजारो वर्षांत त्याचं पोट धान्याला सरावलं. शिजवलेलं धान्य कुत्रा उत्तम पचवतो. ‘ग्रेन-फ्री’ला आरोग्याचा शिक्का समजण्याचंही कारण नाही. उलट 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा काही खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली होती. त्या खाद्यांत धान्याऐवजी वाटाणा, मसूर यांचा भरणा होता. कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही, पण धान्य काढून टाकल्याने कुत्र्याचं भलं होतं हेही कुणी दाखवलेलं नाही.

म्हणजे भाकरी चालते. पण नुसती भाकरी चालते का? याचं उत्तर आपल्याच दख्खनमध्ये, हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत शोधलं गेलं, आणि ती हकिकत मराठवाड्यात तरी घरोघरी माहीत असायला हवी.

कोळपलेली कातडी, हगवण आणि पुढे बुद्धिभ्रम ही पेलाग्राची लक्षणं. हा रोग मका खाऊन जगणाऱ्या गरिबांचा म्हणून जगभर ओळखला जाई. कुत्र्यांत त्याचंच भावंड दिसतं, ‘काळी जीभ’ : तोंडात व्रण, गळणारी लाळ, काळपट पडलेली जीभ, खाण्यावरची वासना गेलेली. 1937 साली अमेरिकेत कॉनराड एल्व्हेहेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या जिभेची कुत्री निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नायसिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाने बरी केली. हे आम्ल त्यांनी कलेजीच्या अर्कातून वेगळं काढलं होतं. माणसाच्या पेलाग्राचा उपाय कुत्र्यांनी दाखवून दिला.

दख्खनमध्ये मात्र एक कोडं होतं. इथला शेतमजूर मका खात नव्हता, ज्वारी खात होता; तरी त्याला पेलाग्रा होत होता. शरीर थोडं नायसिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतः बनवतं. मक्यात ट्रिप्टोफॅन तोकडं, म्हणून तिथे रोगाचा उलगडा होत होता. ज्वारीत ते मक्याइतकं कमी नाही. मग अडतं कुठे? हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक तर्क मांडला. मका आणि ज्वारी या दोन्हींत ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल फार आहे, आणि हे जास्तीचं ल्युसिन ट्रिप्टोफॅन-नायसिनच्या व्यवहारात आड येत असावं.

तर्क मांडून गोपालन थांबले नाहीत. भवानी बेलवाडी यांच्यासोबत त्यांनी ज्वारीवर आधारलेला आहार कुत्र्यांना देऊन पाहिला आणि 1965 मध्ये निष्कर्ष जाहीर केला : ज्वारीवरच्या कुत्र्यांची जीभ काळी पडते. पुढे ल्युसिनची भर घातलेल्या आहारावर पिलांमध्येही तोच रोग दिसला. नंतर परदेशातल्या एका प्रयोगशाळेला ल्युसिनचा असा परिणाम कुत्र्यांत आढळला नाही, त्यामुळे ल्युसिनच्या वाट्याचा दोष किती यावर वाद राहिला. त्याने आपल्या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. नुसत्या ज्वारीवर नायसिनचा जमाखर्च काठावर येतो, आणि लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल तर ज्वारीत कमीच. गोपालन यांना पद्मभूषण मिळालं, ते शंभरी पार करून 2019 मध्ये गेले. बेलवाडी हे नाव मात्र पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. निजामाच्या राज्यात आपला मराठवाडा 1948 पर्यंत होता. त्याच हैदराबादेत पुढे आपल्या भाकरीचा असा कसून अभ्यास झाला, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग गल्लीतली कुत्री धडधाकट कशी? कारण ती मोकळी आहेत. उंदीर, घुशी, खाटकाच्या दुकानामागचं, उकिरड्यावरचं, असं दहा ठिकाणचं त्यांच्या पोटात जातं. बांधलेल्या कुत्र्याला आपण टाकू तेवढंच मिळतं. साखळी बांधली की त्याच्या आहाराची सगळी जबाबदारी आपल्यावर येते.

ढोकीजवळचं तेर हे गोरोबाकाकांचं गाव, आणि संतमंडळींच्या भेटीच्या कथेमुळे नामदेवांचं नावही तेरशी जोडलेलं आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे, ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकत आलो. कोरडी भाकरी नको, ही त्या कथेतली कणव पोषणशास्त्रालाही मान्य आहे. फक्त तुपातून उष्मांक मिळतात, लायसिन नि नायसिन नाही. म्हणून जोड दुसरी हवी.

हिशेब मांडू. 15 किलोच्या, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 800 ते 900 किलोकॅलरी लागतात. दिवसभर बांधलेला असेल तर कमी. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे 500 किलोकॅलरी आणि 15 ग्रॅम प्रथिनं येतात. एका उकडलेल्या अंड्यातून 70 किलोकॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिनं. कोंबडीचा पेटा आणि हृदय मिळून शंभर ग्रॅम घेतलं, तर आणखी सतरा-अठरा ग्रॅम प्रथिनं. मोठा चमचाभर तेल, थोडा शिजवलेला भोपळा. बेरीज जमली. चिकनच्या दुकानात पेटा-कलेजी मांसापेक्षा स्वस्त असते, आणि नायसिनच्या बाबतीत कलेजी मांसाला हार जात नाही. मात्र कलेजी आठवड्यातून दोन-तीनदा, थोडीच. तिच्यातलं ‘अ’ जीवनसत्त्व साठत जातं.

मांस असो वा धान्य, कॅल्शियम दोन्हींत तुटपुंजं. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमधून बारीक पूड करावी. ती जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट असते. वरच्या आहारात अर्धा छोटा चमचा पुरतो. घर माळकरी असेल तर नीट शिजवलेलं सोयाबीन, डाळ आणि दही यांवरही कुत्र्याचं बरंचसं भागतं. सोयाबीन कच्चं देऊ नये, त्यातले घटक प्रथिनांचं पचन अडवतात.

एक इशारा प्रामाणिकपणे द्यायला हवा. 2013 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी कुत्र्यांसाठीच्या 200 घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतल्या 95 टक्क्यांत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. म्हणून जोड बदलती ठेवावी आणि जस्त, ‘ड’, ‘ई’ यांसाठी कोणतं पूरक द्यायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावं. वाढत्या पिलासाठी तर हे विचारणं टाळूच नये.

आता मांजर. इथे दूध-भाकरीचा हिशेब साफ कोसळतो. मांजराच्या पूर्वजांनी लाखो वर्षं फक्त शिकार खाल्ली. शिकारीच्या मांसात टॉरिन, ‘अ’ जीवनसत्त्व, अरॅकिडोनिक आम्ल हे सारं तयारच मिळे. गावात पिठाची गिरणी आल्यावर घरातलं जातं अडगळीत गेलं, पाळीला टाकी लावणारा फिरकेनासा झाला, आणि आज गिरणी बंद पडली तर त्या जात्यावर पायलीभर दळण निघणार नाही. मांजराच्या शरीरातली ही रसायनांची जाती तशीच निकामी झाली आहेत. गाजरातल्या कॅरोटिनपासून ‘अ’ जीवनसत्त्व करणं त्याला जमत नाही. ट्रिप्टोफॅनपासून नायसिन जवळजवळ होतच नाही. टॉरिन पुरेसं बनत नाही. गोडाची चव ओळखणारं जनुकही त्याच्यात मोडलेलं आहे, हे 2005 मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या शिया ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. साखर कारखान्याच्या गावातल्या मांजरालाही साखर बेचवच लागते.

टॉरिनची गोष्ट तर मला सर्वांत शिकवणारी वाटते. दुधातल्या केसिन या प्रथिनावर वाढवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा टॉरिनअभावी झिजतो, हे 1975 मध्ये के. सी. हेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. 1987 मध्ये पॉल पायन आणि सहकाऱ्यांना हृदय फुगून दुबळं झालेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी सापडलं. ते दिल्यावर हृदयं सुधारली. ही मांजरं बाजारातलं तयार खाद्य खात होती! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. विकतचं म्हणजे परिपूर्ण असं आपोआप होत नाही, तपासणारं कुणीतरी लागतं.

सुदैवाने मांजराचं पोट लहान. चार किलोच्या मांजराला दिवसाला दोन-अडीचशे किलोकॅलरी पुरतात. कोंबडीचं हृदय, पेटा, पायाचं गडद मांस, शिजवलेली स्वस्त मासळी हे त्याचं खरं अन्न. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून कमी पाण्यात शिजवावं आणि ते पाणीही द्यावं. सोबत ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं मांजराचं खाद्य रोज थोडं दिलं तर उणीव भरायला मदत होते. माळकरी घरात मांजर असेल, तर तिथे हे खाद्यच मुख्य ठेवावं. कुत्र्याचं खाद्य मांजराला कधीच नाही. दूधही नको; बहुतेक मोठ्या मांजरांना त्यातली साखर पचत नाही.

उरलेला रस्सा भाकरीवर ओतायची सवय मात्र दोघांसाठीही मोडायला हवी. कांदा-लसणाने दोघांच्याही तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि मांजर त्यात जास्त नाजूक. द्राक्षं, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात. बोकडाची कच्ची फुप्फुसं-कलेजी, विशेषतः पाण्याचे फोड असलेली, कुत्र्याला घातली तर त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी होतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात जाऊन यकृतात गाठी धरतात. उकळलेलं द्यावं, हाच स्वस्त विमा.

तेव्हा ढोकीच्या वाचकाने भाकरी बंद करू नये; तिला अंड्याची, पेट्याची, दह्याची जोड द्यावी, आणि मांजराचा हिशेब वेगळा मांडावा. हे प्रत्येक घराने एकेकट्याने शोधत बसावं, हे मात्र बरोबर नाही. उदगीर आणि परभणी इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ज्वारीच्या भाकरीवर आधारलेला कुत्र्याचा आहार आणि मांसावर आधारलेला मांजराचा आहार, वजनानुसार, गावातल्या भावानुसार, एका पानावर छापून प्रत्येक गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर लागला पाहिजे. गोपालन-बेलवाडींनी ज्वारीवर केलेल्या कामाचा खरा उपयोग तेव्हा होईल, आणि तो मागणं हा आपला हक्क आहे.