तरंगिणीचे दोर

‘आयएनएस तरंगिणी’वर लिहायचं ठरलं तेव्हा संपादकांना हवा होता जगप्रदक्षिणेचा वृत्तान्त. तो थोडक्यात असा. कॉलिन मुडी या ब्रिटिश नौका-आरेखकाने आखलेलं आणि वास्कोच्या गोवा शिपयार्डात बांधलेलं हे तीन डोलकाठ्यांचं जहाज नोव्हेंबर १९९७ मध्ये नौदलात दाखल झालं. जानेवारी २००३ मध्ये कोचीहून निघून, उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांपर्यंत जाऊन, पृथ्वीला फेरा घालून ते १५ महिन्यांनी परतलं. अंतर सुमारे ३३,००० सागरी मैल. २०१२ साली त्याच गोदीतली धाकटी बहीण ‘सुदर्शिनी’ सोबतीला आली. दोघींचं ठाणं कोची, आणि दोघींवर नौदलाचे कॅडेट समुद्र शिकतात.

मला मात्र मैलांपेक्षा दोरांनी जास्त अडकवलं.

तरंगिणीच्या पुढच्या दोन डोलकाठ्यांवरची मुख्य शिडं चौकोनी आहेत. ती ज्या आडव्या काठ्यांवरून सुटतात ती परबाणं. प्रत्येक परबाण मध्यावर डोलकाठीला धरलेलं, आणि वारा फिरला की तेही फिरवावं लागतं. त्यासाठी दोन्ही टोकांपासून दोर खाली डेकवर आलेले असतात. एका बाजूची तुकडी ओढते, दुसरी त्याच मापाने सैल सोडते. सोडणाऱ्याने घाई केली तर परबाण झटका खातं. त्याने हात आखडला तर ओढणारे नुसताच घाम गाळतात. माझ्या मते यातलं अवघड काम सोडणाऱ्याचं.

खरी परीक्षा वाऱ्याच्या तोंडातून वळताना. सुकाणू फिरतं, मागच्या डोलकाठीचं शीड मध्याकडे ओढून नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वाऱ्याकडे रेटली जाते. ती वाऱ्याच्या रेषेवर आली की पुढची शिडं उलटी फुगतात आणि तिला पलीकडे ढकलू लागतात. नेमक्या त्याच घटकेला मधल्या डोलकाठीची सगळी परबाणं एकदम फिरवायची, पुढची मात्र तशीच ठेवायची. नाळ पार झाली की मग पुढची. हुकूम चुकला, वेग कमी पडला, तर जहाज वाऱ्यासमोर थिजतं आणि उलटं सरकू लागतं. मग सगळं पहिल्यापासून.

नौदलाचेच दिलीप दोंदे २०१० साली ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आले. ती नौका एकट्याला झेपेल अशीच बांधलेली. तरंगिणीवर एकटा शूर माणूस अगदी निरुपयोगी. क्षेपणास्त्रं डागणाऱ्या नौदलाला शिडाचं जहाज कशाला, या प्रश्नाला माझ्यापुरतं एवढं उत्तर पुरतं.

गंमत अशी की ही चौकोनी शिडं आपल्या किनाऱ्याची नव्हेत. आंग्र्यांची गलबतं तिरक्या शिडांची, शिवाय वल्ह्यांची. वारा पडला की विलायती जहाज जागीच अडकायचं, आणि गलबतं तोफा कमी असलेल्या पिछाडीला जाऊन भिडायची. आता त्याच विलायती बांधणीवर आपली पोरं शिकतात!

या बांधणीचा कमकुवतपणा अजून गेलेला नाही. चौकोनी शिडांना वाऱ्याच्या अंगावर फारसं जाता येत नाही. कोचीहून मुंबईकडे यायचं म्हटलं, तर उघाडीच्या दिवसांत किनाऱ्यालगतचा वारा बहुतेक वायव्येचा, म्हणजे थेट तोंडावर. नागमोडी वळणं घेत मैलांमागून मैल खर्ची पडतात आणि पुढे सरकणं थोडंच. विषुववृत्ताजवळ वेगळीच तऱ्हा. तिथे अनेकदा वाराच नसतो. डेक तापतं, लोंबती शिडं दोरांवर घासून झिजतात, उन्हाने शिडं आणि दोर कमजोर होतात. मग एखादा काळा ढग येतो आणि काही मिनिटांत वावटळ अंगावर. तेव्हा सगळ्यात वरची शिडं आधी आवरायची. कालपर्यंत ओकत बसलेला कॅडेट कमरेला पट्टा अडकवून, वाऱ्याच्या बाजूने दोरशिडी चढतो, म्हणजे वारा त्याला शिडीवरच दाबून धरतो. वर परबाणाला पोट टेकायचं, पायाखाली एक सैल दोर, आणि दोन्ही हातांनी भिजलेलं कापड गोळा करायचं.

तरंगिणीच्या पोटात दोन डिझेल इंजिनंही आहेत. वादळात, अरुंद खाडीत ती हवीतच. पण पोहोचण्याची तारीख कागदावर पक्की असली आणि वारा पडला, की इंजिनाचा मोह कोणत्या कप्तानाला होणार नाही? प्रशिक्षण पथकातल्या इतर जहाजांवरही कॅडेटना वेळ द्यायचा असतो. शिडाखालचे दिवस आधीच मोजके. त्यातले आणखी काही डिझेलवर जावेत हे मला पटत नाही. धक्क्यावरचे बँडवाले एखादा दिवस थांबतील.